युनशीत बनलेली काचेची पेटी युनशीच्याच बाळांना मिळण्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
तालुका आरोग्य कार्यालय, युनशी.

विषय : अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीची गावात बनलेली पेटी सरकारी रुग्णालयाने नाकारल्याबद्दल तक्रार.
संदर्भ : फाटकावर मिळालेले तोंडी उत्तर. लेखी मागितले, दिले नाही.

महोदय,

मी, तांग श्यूचन, नदीकाठच्या कारखान्यात या पेट्यांची शेवटची तपासणी करते. आमच्या पेट्या जहाजाने परदेशी जातात आणि तिथले नाव लावून आपल्या देशात परत येतात.

१. गेल्या महिन्यात माझी सून छाओयिंग सातव्या महिन्यातच बाळंत झाली. रुग्णालयात पेटी एकच, परदेशी नावाची, आणि तिच्यात दुसरे बाळ होते. आमच्या मालकांनी एक नवी पेटी फुकट देऊ केली. ती मी टेम्पोत घालून नेली. रुग्णालय प्रमुख श्री. गोंग यांनी ती फाटकातच अडवली. म्हणाले, "तांगमावशी, परदेशी पेटीत बाळ दगावलं तर लोक नशिबाला बोल लावतील. तुमच्या पेटीत दगावलं तर म्हणतील, गोंगने मारलं. मला नोकरी टिकवायचीय."

२. नातीला माझ्या कोटात गुंडाळून प्रांताच्या शहरात नेले. वाटेत तिचे ओठ निळे पडले होते. ती वाचली, यात आपल्या खात्याचे श्रेय काडीचेही नाही. तिथली पेटी आमच्याच कारखान्याची निघाली, नाव तेवढे परदेशी.

३. आमच्या भागातून पूर्वी भिकार माल निघाला, हे मी नाकारत नाही. पण आता माझा मुलगासुद्धा फाटकावर म्हणाला, "आई, इथली नको गं." माझ्या याच पगारावर तो वाढला. त्याचा राग मी त्याच्यावर काढू शकले नाही, म्हणून आपल्यावर काढत आहे. पेटी समुद्रावरून फिरवून आणल्याशिवाय ऊब देत नाही, असा नियम असल्यास कळवावे. बंदरापर्यंत नेऊन माघारी आणली तर चालेल का, तेही कळवावे.

४. आमच्या गल्लीतल्या माओंच्या सुनेच्या पोटात जुळी आहेत. लवकर होतील, असे डॉक्टर म्हणतात. बाळे दोन, पेटी एक. यातले कोणते बाळ फाटकाबाहेर ठेवायचे, हे श्री. गोंग यांनी आधीच लेखी द्यावे. तिला सांगायला मी जाणार नाही, आपणच जावे.

आपली, अजून तरी नम्र,
तांग श्यूचन
दि. १९ नोव्हेंबर

सोबत : पेटी, एक. आपल्या कार्यालयाच्या दारात लावून ठेवली आहे. चालू आहे. आत हात घालून पाहावा. मी ती परत नेणार नाही.