गोधडीची उलटी बाजू

शनिवार, संध्याकाळ. नोव्हाय, मिशिगन

डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये आज दुमजली उंचीचं कापड पाहिलं. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचा इतिहास, त्यांच्याच घरांतल्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेला. मी आधी मागे जाऊन उलटी बाजू पाहिली. आई गोधडी अशीच पारखायची, टाके मागून बघून. तिथली वयस्क ब्लॅक गार्ड हसली. म्हणाली, "माझी आईही हेच करायची."

तेवढ्यात माझ्या लेकीने, मुक्ताने विचारलं, "अँड अवर्स? आपल्या गोधडीच्या मागे काय आहे?"

शेजारच्या काकू सोबत होत्या. मी पटकन म्हटलं, "काही नाही गं, जुनी साडी."

जुनी साडी! नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेताना आजी नेसली होती ते पांढरं लुगडं आहे ते. मग बोलले का नाही? काकूंना आमची जात कळेल म्हणून? आडनावावरून कळत नाही, हेच बरं वाटतं का मला?

काकू उद्या चहाला येणार आहेत. गोधडी सोफ्यावर टाकली आहे, उलटी, पांढरं वर. मघाशी घडी करून कपाटात ठेवली, परत काढली. मुक्ता जिन्यावर बसून सगळं बघतेय.