केळीच्या गाभ्याचा रस

बनशंकरी, बेंगळूर
मंगळवार, ९ सप्टेंबर १९९७

तीर्थस्वरूप अक्कास,
धाकट्या वसूचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. अवधूत शाळेत जायला लागला, नातवाच्या गालांवर पुन्हा मांस आलंय. सूनबाईंची ऑफिसची बस हल्ली पावणेआठलाच येते, म्हणून डबे मीच भरते. मागच्या केळीला घड धरलाय. केळीचं नाव मी काढायला नको होतं.

काल तुझं पत्र आलं. भावोजींनी पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन रद्द केलं, दीड महिना झाला, ते माझ्या मापाने केळीच्या गाभ्याचा रस घेतात आणि चार दिवस त्यांचे डोळे पिवळे दिसतात. ‘खडे विरघळत असतील, होय ना वैद्यीणबाई?’ असं तू विचारलंयस. आज सकाळी तुझ्या शेजाऱ्यांकडे फोन करून तुला सांगितलं, रस बंद कर, त्यांना दवाखान्यात ने. तू हसलीस. म्हणालीस, “पुरे गं तुझा विनय. तुझ्या हाताला गुण आहे.”

माझ्या बाजूलाच सूनबाई, शाल्मली, चपला घालत उभी होती. तिच्यासमोर खरं कारण सांगायचं मी टाळलं. मी फोन ठेवला.

जूनमध्ये अवधूतला टायफॉइड झाला, तेव्हा दहा दिवस भारी इंजेक्शनं दिली. ताप उतरला आणि पोट दुखायला लागलं. स्कॅनिंगमध्ये पित्ताशयात खडे दिसले. सात वर्षांचं पोर! एवढं तुला मी कळवलं होतं.

पण तो कागद घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे मी एकटीच गेले होते. लेकाला, रविकिरणला, आणि शाल्मलीला रजा मिळेना. मी इथलीच म्हणून डॉक्टर कन्नडमध्ये सावकाश बोलले, “अम्मा, इदु निजवाद कल्लु अल्ल.” हे खरे खडे नव्हेत. त्या इंजेक्शनाचं औषध काही मुलांच्या पित्ताशयात असं साचतं आणि इंजेक्शन थांबलं की बहुतेक काही आठवड्यांत आपोआप जातं. काही देऊ नका, महिन्याने पुन्हा बघू.

घरी येऊन मी म्हटलं, “महिनाभर थांबा म्हणाले.” बाकीचं पोटात ठेवलं. दुसऱ्या सकाळी गाभा चिरून रस काढला आणि पोराला पाजला.

का, ते लिहायची लाज वाटते. शाल्मली वाईट नाही. पण पुण्याहून आल्यापासून माझं चिंचेचं पातळ सारू, माझ्या बोलण्यातलं कन्नड ‘स्वल्प’, सगळ्याचं तिला हसू येतं. मला काही कळतं असं तिला एकदा तरी वाटावं, एवढीच माझी हाव होती. महिन्याने स्कॅनिंग स्वच्छ आलं. तिने मला वाकून नमस्कार केला, पुण्याला आईला फोन करून माझं कौतुक केलं. मला ते फार गोड लागलं, अक्का. त्याच भरात तुला मापासकट पत्र लिहिलं.

माझ्या रसाने अवधूतचा एक कणही गेला नाही. भावोजींचे खडे मात्र खरे आहेत.

फोन ठेवला आणि शाल्मलीला सगळं सांगितलं. बाहेर बस हॉर्न वाजवून निघून गेली. तिने चपला काढून ठेवल्या. मग म्हणाली, “आई, तो महिनाभर मी रोज त्याच्या पोटावर हात ठेवून झोपत होते.” एवढंच म्हणाली. मग तिनेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, डोळे पिवळे म्हणजे खडा वाटेत अडकला असेल, एक दिवसही घालवू नका. तुझ्याकडे पुन्हा फोन लावला तर शेजारी कुणी उचलेना.

म्हणून रविकिरण आजच्याच गाडीने हे पत्र घेऊन हुबळीला येतोय. सोबत अवधूतचे दोन्ही कागद आहेत. भावोजी मुळात ऑपरेशनला घाबरतात आणि माझ्या शब्दाचा आधार धरून बसले आहेत. तो आधार काढून घे. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, माझी कीव येऊन एकही ओळ सोडू नकोस. सोडायचं तेवढं मी आधीच सोडलंय.

त्यांना काही झालं, तर तुझ्या दारात कुठल्या तोंडाने येऊ? पुढच्या पत्रात मला काहीही म्हण. फक्त वैद्यीणबाई म्हणू नकोस.

तुझी, अजून म्हणवत असेल तर,
वसू