बाबांना भुयारातून ओढण्याबाबत

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत, फक्त ‘सगळे’ या शब्दात तुझे वडील धरू नकोस. तुझी तब्येत, केकचं दुकान आणि भट्टी तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा करतो. (तुमचं बापलेकांचं बोलणं बंद झाल्यापासून दुकानाचा विषय घरात चालत नाही, म्हणून पत्रात काढून घेतो.)

तुला माहीतच आहे, आमच्या संग्रहालयात सध्या एक प्राचीन भुयार आणलंय. खरं भुयार डोंगराच्या पोटात आहे आणि तिथं कुणालाच सोडत नाहीत, कारण माणसांच्या श्वासानं भिंतीवरच्या चित्रांचे पोपडे निघतात. म्हणून ते जसंच्या तसं कॉम्प्युटरात उतरवलं. रिकाम्या हॉलमध्ये डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की आपण थेट भुयारात. माझ्या पदाचं नाव मार्गदर्शक. काम म्हणजे भिंतीवर आपटायच्या बेतात आलेल्यांना दंडाला धरून वळवणं. तर मागच्या आठवड्यात मला अवदसा आठवली आणि मी बाबांना फुकट पास दिला. जन्मभर बोगदे खणलेला माणूस, घटकाभर करमणूक होईल असं वाटलं. बाबा चष्मा लावून रांगत निघाले, छताला नावं ठेवत ठेवत अर्ध्यापर्यंत गेले आणि एका चिंचोळ्या जागी पोटापाशी अडकले. अडकले म्हणजे गालिच्यावर, हॉलच्या मधोमध, चहूबाजूंना नुसती हवा. मी म्हटलं, चष्मा काढा. त्यांनी काढला, हॉलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चष्मा काढल्यानं बोगदा रुंद होतो का?” आणि परत लावला. मी पाय धरून ओढायला गेलो, तर छत खाली आणशील म्हणून माझीच खरडपट्टी काढली.

कॉम्प्युटरवाला एका बटणात भुयार रुंद करून द्यायला तयार होता, पण उत्खननाच्या बाई आडव्या आल्या. पुरातन वास्तू आहे, कणभर हलवायची तरी परवानगी लागेल म्हणाल्या. मग समिती आली. समितीनं टेप लावून आधी हवेचं माप घेतलं, मग बाबांच्या पोटाचं, आणि निर्णय दिला की दोहोंत भुयार जुनं आहे, तेव्हा कमी व्हायचं ते बाबांनी. त्या दिवसापासून त्यांना नुसत्या काकडीवर ठेवलंय. (तुझी ताई डबा आणते, तोही पायांकडून सरकवावा लागतो. पुढून वाट नाही म्हणतात.) चष्मा लावलेले प्रेक्षक त्यांना अडखळून पडतात आणि वाटेत धोंडा आहे हे तिकिटावर छापायला नको का, अशी तक्रार करतात. म्हणून शेजारी ‘हात लावू नये’ अशी पाटी ठेवली, तर लोक भुयार सोडून बाबांचेच फोटो काढायला लागले. बाबा पडल्या पडल्या त्यांना प्राचीन कारागिरांच्या चुका समजावून सांगतात.

आमचे साहेब मात्र हसत नाहीत. सोमवारपर्यंत हॉल मोकळा झाला नाही, तर बाबांच्या ऐवजी मला बाहेर काढणार आहेत. मी बाबांच्या अक्षरशः पाया पडलो (पाय तेवढे मोकळेच होते). ते म्हणाले, बोगद्याच्या कामात अडकलेल्या माणसाला कुणीही ओढायचं नसतं. त्यानं ज्याला हाताखाली शिकवलं, त्यानंच ओढायचं. त्यांनी आयुष्यात मनापासून एकालाच शिकवलं आणि तो बोगदे सोडून केक भाजत बसलाय. (हे त्यांचं म्हणणं. मला तुझे केक आवडतात.) खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं.

बाकी विशेष काही नाही. ताईनं आशीर्वाद सांगितलाय आणि वेळेवर जेवायलाही सांगितलंय.

तुझा,
भावोजी

ता. क. : सोमवारच्या आत ये. माफी मागायची नाही, काही समजावायचं नाही. चष्मा लाव, हात पुढे कर आणि ओढ. माझी नोकरी वाचेल.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवता चिकटवता खरं काय ते लिहून टाकतो. संग्रहालय बंद झालं की बाबा उठतात, माझ्याबरोबर घरी येतात, पोटभर जेवतात आणि झोपतात. सकाळी दार उघडलं की सगळ्यांच्या आधी आत जाऊन त्याच जागी अडकतात. काल घरी येताना मी विचारलं, हे सगळं कशासाठी चाललंय. म्हणाले, “नुसता घरी बसलो तर तो कशाला येईल?”