बर्फात सगळ्यांच्या पुढे

अहो,

इकडून नमस्कार. आधी खुर्चीत टेका, मग वाचा. गुडघा ठीक आहे, हे पहिल्यांदा सांगून टाकते.

काल मी बर्फातून जंगल फिरून आले! लेक-सून दोघं कामावर गेली की हे त्यांचं घर खायला उठतं, म्हणून सूनबाईनंच जवळच्या राखीव जंगलातल्या सहलीत माझं नाव घातलं. पायांत तिचे बूट, डोक्यावर तुमची माकडटोपी. ध्यान दिसत होते, पण ऊब होती.

तिथली गाईड कडक बाई. तिनं सगळ्यांची चाल पाहिली आणि मला पुढे बोलावलं. म्हटलं, आता ही घरी पाठवते. तर म्हणाली, "सगळ्यात हळू चालणाऱ्यानं सगळ्यांच्या पुढे राहायचं. म्हणजे कुणी मागे सुटत नाही."

झालं! मी काठी टेकत पुढे आणि ती दांडगी माणसं मुकाट माझ्या मागे. मी दम खायला थांबले की अख्खी पलटण थांबायची. एकदा पाय सटकला, पण पडले नाही. लेकाला मात्र हे सांगू नका. टेकडीच्या माथ्यावर, कोऱ्या बर्फात पहिलं पाऊल माझं उमटलं!

गोळ्या वेळेवर घेता ना? फोनवर तुमचा आवाज खोल गेल्यासारखा वाटतो. आणि ओट्याशी उभ्यानं जेवण उरकू नका.

लग्न झाल्यापासून तुम्ही भराभरा पुढे आणि मी पिशव्या सांभाळत मागे. आता परत आले की रोज संध्याकाळी फिरायला जाऊ. पुढे मी चालणार. पिशवी तुम्ही घ्यायची.

तुमचीच,
टोपीवाली