चलुवय्याचं मृत्युपत्र आणि मोटारसायकलच्या मानेतला जोड

मी, चलुवय्या पुट्टय्या, वय अडुसष्ट, मोटारसायकल कारखान्यातला निवृत्त फिटर, राहणार एन. आर. मोहल्ला, म्हैसूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही, दारू मी पीत नाही, बुद्धी ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर आहे असं मात्र लिहिणार नाही. मी घाबरलेलो आहे. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. पण भीती त्याची नाही, ती कलम चारमध्ये लिहिली आहे.

१. राहतं घर, मागचं अंगण आणि दोन नारळ माझी एकुलती एक मुलगी तुंगा हिला द्यावेत. ती नंजनगूडच्या शाळेत गणित शिकवते. तिची आई गौरम्मा वारली तेव्हा ती नववीत होती. त्यानंतर घर तिनेच सांभाळलं, मी फक्त त्यात राहिलो.

२. बँकेत जे असेल ते तिचंच. मोजत बसत नाही.

३. हत्यारं तुंगाला. लोखंड घट्ट धरायचा मोठा शिकंजा माझा मेहुणा महादेवप्पा याने एका दिवसासाठी म्हणून नेला, त्याला एकवीस वर्षं झाली. तो परत आणावा. तो म्हणेल, "भावजींनी मला दिला होता." साफ खोटं आहे.

४. आता मोटारसायकल. ही जुनी जावा मी तीन वर्षांपूर्वी घरीच, अंगणातल्या धुण्याच्या दगडाशेजारी बांधली. टाकी एका गाडीची, सीट दुसरीची, दिवा ट्रॅक्टरचा. सगळा माल मंडी मोहल्ल्यात वझीर साहेबांच्या भंगारातला. मूळ चेसिसची मान, म्हणजे हँडल आणि पुढचा काटा जिथे बसतो तो भाग, गंजून गेली होती. वझीरकडे तसल्याच गाडीचा पुढचा अर्धा भाग पडला होता. तो म्हणाला, "चलुवय्या, हे लॉरीखालून निघालंय. दिवा घे, हँडल घे, पण मान नको घेऊस."

"तू मला शिकवणार? भंगारवाला तू!" मी चारचौघांत ओरडलो. मग दुसऱ्याला पाठवून तोच तुकडा विकत आणला. वझीरला हे कळलं, आणि तीन वर्षं आम्ही बोललो नाही. चूक माझी होती, हे इथे लिहून ठेवतो.

दोन अर्धे जोडताना जोडाला जोर यावा म्हणून पाइपच्या आत नळी घालावी लागते. ती बसेना. सोमवारी तुंगाचा नोकरीचा पहिला दिवस होता आणि तिला शाळेत जायला गाडी द्यायची मला घाई झाली होती. मी नळीशिवायच वेल्डिंग मारलं, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, काळा रंग दिला. "अप्पा, पक्की आहे ना?" तिने विचारलं. मी म्हणालो, "नव्यापेक्षा पक्की."

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, तुंगाने गाडीच्या मानेला ओलं कुंकू लावलं. ते ओघळलं म्हणून मी फडक्याने पुसलं. त्यावर तिने विभूतीचे तीन पट्टे ओढले, चाकाखाली लिंबं ठेवली. आरती झाली आणि पाहतो तर पांढऱ्या विभूतीत केसाएवढी लाल रेघ उमटलेली. दीड बोट लांब, बरोबर जोडावर. कारखान्यात आम्ही तडा असाच शोधायचो. आधी लाल रंग, मग पुसायचं, मग पांढरी पूड. छत्तीस वर्षं ते काम केलेल्या माणसाला ती रेघ कसली हे विचारावं लागत नाही. मी अंगठ्याने ती पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली तेव्हा लांबी खरवडून पाहिली. तडा लोखंडातच होता. मी काळा रंग फासला. क्लच बदलायचाय असं सांगून पाहिलं, किल्ली लपवून पाहिली. "अप्पा, ऑपरेशन तुमचं आहे, गाडीचं नाही," असं म्हणून हसत तिने किल्ली शोधून काढली. खरं मात्र सांगवलं नाही. रोज पन्नास किलोमीटर ती त्या जोडावर बसून जाते, आणि संध्याकाळी तिच्या गाडीचा आवाज गल्लीत येईपर्यंत मी दारातून हलत नाही. म्हणून माझी आज्ञा अशी, की माझ्यामागे ही गाडी कुणीही चालवू नये.

५. इथपर्यंत मंगळवारी दुपारी लिहून मी साक्षीदार म्हणून शेजारच्या लीलावतम्मा आणि वझीर यांना बोलावलं. वझीर तीन वर्षांनी घरात आला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण त्याने वाचला. पेन खाली ठेवलं.

"अरे बाबा, हे वाचायला ती जिवंत राहिली पाहिजे ना? ऊठ!"

तुंगाचा फोन लागेना. शाळेतून ती निघाली होती. आम्ही वझीरच्या टेम्पोतून नंजनगूड रस्त्याला लागलो. कडकोळच्या अलीकडे ती समोरून येताना दिसली. वझीर टेम्पो आडवा घालू लागला तसा मी किंचाळलो, "नको! ती कचकन ब्रेक मारेल!" ती बाजूने निघून गेली. टेम्पो वळवून आम्ही मागे लागलो. मी खिडकीतून हात हलवत होतो. तिने आरशात पाहिलं, तिला वाटलं अप्पा शर्यत लावतायत. हसली आणि वेग वाढवला. देवा नंजुंडेश्वरा, असं मरण वैऱ्यालाही नको. पुढे गतिरोधक होता. चाक त्यावर चढलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा ती शहाळ्याच्या गाड्यापाशी थांबली होती. मी धावत जाऊन हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि सगळं सांगून टाकलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"आयुधपूजेपासून."

तिने हेल्मेट काढलं. बोटांवर शाळेचे दिवस मोजले.

"सहा दिवस," ती म्हणाली. "सहाही दिवस माझा डबा तुम्हीच या हँडलला अडकवलात, अप्पा."

मी हँडलचा डबा काढून हातात घेतला.

६. म्हणून कलम चार रद्द. गाडी टेम्पोत घालून घरी आणली आणि मान मी हॅक्सॉने कापली, वझीरने पाइप धरला होता. पाइप चारातले तीन भाग आधीच तुटलेला होता. एकच भाग धरून होता. कापलेला तुकडा कुणाला विकू नये, फुकट देऊ नये.

शुक्रवारी ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार, असं मी तुंगाला विचारलं. "मीच करीन," म्हणाली. कालपासून ती माझ्याशी तेवढंच बोलली आहे.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) चलुवय्या पुट्टय्या

साक्षीदार:
१. (सही) वझीर अहमद, भंगार व्यापारी, मंडी मोहल्ला. मजकूर वाचून सही केली.
२. (सही) लीलावतम्मा, निवृत्त टंकलेखक

म्हैसूर, बुधवार, १ नोव्हेंबर २०२३, सकाळी