आबांची दिवसाची झोप

आबा, आज सकाळी मी सासऱ्यांच्या मशीनचा मास्क साबणाच्या पाण्यात धुतला आणि सावलीत वाळत घातला. घोरण्याची मशीन म्हणतो आम्ही तिला. झोपताना नाकावर मास्क बांधायचा, मशीन हवा फुंकत राहते आणि घसा मिटत नाही. दादरच्या या घरात रोज सकाळी तो मास्क धुणं माझ्याकडे आहे. सासरे ऐंशीला टेकलेत, चेहरा कसा टवटवीत! हसू नका, पण मला त्या म्हाताऱ्या माणसाचा हेवा वाटतो. आणि त्याहून जास्त माझ्या नवऱ्याचा, कारण त्याला रोज "बाबा, उठा, चहा झाला" म्हणता येतं आणि त्याचे बाबा उठतात.

लालबागच्या आपल्या खोलीत तुम्ही कायम दिवसाच झोपायचात. रात्रपाळी करून यायचात, भाकरी खायचात आणि कपाटापाशी चटईवर आडवे. मग जे सुरू व्हायचं ते अख्ख्या चाळीला ऐकू जायचं. शेजारची काकू म्हणायची, "गिरणी बंद झाली तरी हरकत नाय, भोंगा इथंच हाय." आम्ही खिदळलो की आई डोळे वटारायची, "गप ऱ्हवा गो, रातपाळी करून इले हत. झोपांदे तेंका." मधेच तुमचं घोरणं एकदम थांबायचं. श्वासही नाही, काही नाही. मग घशातून मोठा आचका यायचा आणि पुन्हा सुरू. त्या मधल्या शांततेत आम्ही पटापट पाढे म्हणून घ्यायचो. आम्हाला ती सवलत वाटायची, आबा! तुमचा श्वास अडकलाय हे कुणाला माहीत होतं? गिरणी खरंच बंद पडली, रात्रपाळी गेली, तरी तुम्ही दिवसा पेंगतच राहिलात. भजनात टाळ हातात धरून पेंगायचात, न्हाव्याच्या खुर्चीत पेंगायचात. चाळीतले सगळे जुने कामगार एकच सांगायचे, "पाळी अंगात मुरलीय, ती काय जाते आता." आणि आम्हालाही ते पटायचं, कारण आपल्याकडे प्रत्येक घरात कुणी ना कुणी दिवसा झोपलेलंच असायचं.

माझं लग्न ठरवायला हे लोक आले तो दिवस मला आठवतो. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून ताठ बसलात. सासऱ्यांनी देण्याघेण्याचा विषय काढला, "आम्हाला काही नको" म्हणाले, आणि बघतात तर तुमची मान छातीवर. कपबशी कलली, चहा सदऱ्यावर. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. सासरे मात्र हळू आवाजात म्हणाले, "असू दे, असू दे. कष्टाची झोप आहे." किती बरं वाटलं होतं तेव्हा त्या शब्दांनी! आता वाटतं, मेली ती कष्टाची झोप. लग्नाला वर्ष व्हायच्या आत एका दुपारी तुम्ही झोपलात ते झोपलातच. आई नंतर कितीदा सांगायची, "मी म्हटलंय, आज कसे शांत झोपले हत. मी चाळीतल्या पोरांकाव गप केलंय."

आणि इथे? सासरे दोनदा जेवताना पेंगले, तर नवऱ्याने आठवड्यात डॉक्टर गाठला. बोटाला चिमटा, छातीला पट्टे, झोपेची तपासणी. डॉक्टरांनी समजावलं की झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा करतो, रात्रभर हेच. म्हणून दिवसा झोप, म्हणून ब्लडप्रेशर, म्हणून हृदयावर ताण. मी शेजारच्या खुर्चीत बसून तुमचीच गोष्ट ऐकत होते. मशीन आली तेव्हा सासऱ्यांनी ती ढकलून दिली, "ही हत्तीची सोंड मी लावणार नाही." माझ्या मनात आलं, नका लावू! नवरा मात्र रोज त्यांच्या पलंगावर बसायचा, पट्टा सैल कर, घट्ट कर, लहान पोराची समजूत घालावी तसा. मला बघवत नसे. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे मी.

परवा सासरे चहाला आले ते हसतच. म्हणाले, "सूनबाई, किती वर्षांनी स्वप्न पडलं गं! माझे वडील आले होते. शेजारी बसून शेंगा सोलत होते." डॉक्टर म्हणे म्हणालेच होते की झोप सलग लागू लागली की स्वप्नंही परततात. मी "अरे वा" म्हटलं आणि त्यांच्यापुढे कप सरकवला. म्हणजे यांना मुलगाही हाताशी, आणि गेलेला बापही भेटायला येतो! माझ्या वाट्याला काय?

माझ्या वाट्याला तुमचं घोरणं आलंय, आबा. नवरा वर्षभर मागे लागलाय, "तूही तपासून घे, श्वास थांबतो तुझा." मी उडवून लावत होते, "आमच्याकडे घोरतातच." खरं म्हणजे तुमचं तेवढंच माझ्यापाशी उरलंय, तेही काढून द्यायचं जिवावर येत होतं. दुपारी बसल्या जागी डोळा लागला की आत कुठेतरी बरंच वाटायचं.

काल मी तपासणीसाठी नाव दिलं. नवरा खूश, सासरे म्हणाले, "शहाणी आहेस." कसली शहाणी! कुणाला सांगणार नाही, हे पत्रही कुणाला दाखवणार नाही. तब्येतीसाठी नाही चाललेय मी. त्यांचे वडील आले ना, मग माझेही यायला हवेत.