माणकीच्या तोंडाचं माप

२४ ऑगस्ट, रविवार
निर्णय झाला. दसऱ्याच्या मिरवणुकीत घोडीवर मी बसणार. मंडळाच्या विश्वंभरकाकांना फोन करून सांगून टाकलं. ते दोनदा हॅलो हॅलो म्हणाले. रेंज नसावी. मग म्हणाले, दरवर्षी विहंग बसतो ना? मी म्हटलं, विहंग बिझी आहे.

विहंग बिझी आहे की नाही, मला कल्पना नाही. जूनमध्ये त्याने मी लावून दिलेली प्लांटमधली नोकरी सोडली. मी दोन शब्द बोललो. तो बॅग उचलून प्रतापनगरला मित्राच्या क्वार्टरवर राहायला गेला. पोटच्या पोराचा फोन नाही. मला काही वाटत नाही. टीव्हीचा रिमोट जागेवर सापडतो, हा फायदाच आहे.

शिवाय घोडा आमच्या रक्तात आहे. पणजोबा सरकारी पागेत होते. त्यांचा लगाम दिवाणखान्यात भिंतीवर आहे. मी स्वतः कॉलेजात एनसीसीमध्ये घोड्यावर बसलेलो आहे. पोहणं आणि घोडा माणूस विसरत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार. संध्याकाळ
सिंधरोटच्या वाटेवर समरजितभाईंचा तबेला आहे, तिथे गेलो. मिरवणुकीची घोडी माणकी म्हणजे अस्सल काठेवाडी. ताकद भरपूर. मी लगाम ओढला की ती दुप्पट ओढते. मला बाजूच्या दुधीच्या वाडीत घेऊन गेली आणि तिचं खाऊन होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.

कारण लगेच सापडलं. तोंडातलं बिट, म्हणजे लगामाची घोडीच्या तोंडात जाणारी आडवी दांडी. विहंग तिला रबराचं बिट लावायचा, बाळाला दात येताना चावायला देतात तसलं. बाजवाच्या प्लांटमध्ये मी तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन बघितलं. प्रेशर कंट्रोल होत नसेल तर ऑपरेटरला दोष देत नाहीत, व्हॉल्व्ह बदलतात. रबरी बिट खुंटीला टांगलं. नवं ऑर्डर करणार.

समरजितभाई म्हणाले, काका, सवारे तो बहु डाही हती. सकाळी शहाणी होती म्हणे. सकाळी थंड असतं, शहाणी असणारच. सकाळी कोण बसतं, ते मी विचारलं नाही.

३१ ऑगस्ट, रविवार
घरात गणपती. आरतीला टाळ्या नवरा-बायको दोघांच्याच. निरुपमाने मोदक नेहमीएवढेच केले आणि अर्धे डब्यात भरून कुठे तरी पाठवले. मी विचारलं नाही.

स्टीलचं बिट आलं. तोंडाचं माप सुतळीने घेतलं होतं. त्याहून एक साइझ मोठं मागवलं. विहंगचे शाळेचे बूट मी नेहमी असेच घ्यायचो, वाढत्या पायाला. समरजितभाई म्हणाले, घोडी नऊ वर्षांची आहे, आता किती वाढणार? तरी लावलं. तोंडात इकडून तिकडे सरकतं. उजवीकडे ओढलं की घोडी डावीकडे जाते. परत दुधीची वाडी. वाडीवाल्याने ह्या वेळी जय श्रीकृष्ण केलं.

ठरवलं : घाई करायची नाही. अभ्यास करायचा.

७ सप्टेंबर, रविवार
अभ्यास झाला. बिट नीट बसलं की ओठाच्या कोपऱ्यात एक सुरकुती पडते. सैल असलं तर पडत नाही, आवळलं तर जास्त पडतात. मी आवळलं. तीन पडल्या. जास्त सुरकुत्या म्हणजे जास्त कंट्रोल, साधं लॉजिक आहे.

माणकी पुढे गेलीच नाही. मागे मागे चालत तबेल्यात परत गेली. एका अर्थी ब्रेक लागला.

खुंटीवरचं रबरी बिट ओलं होतं. मागच्या वेळीही होतं. हवा दमट आहे.

१४ सप्टेंबर, रविवार
बारीक, कडक, खाली साखळी असलेलं बिट आणलं. दुकानदार म्हणाला, हे हलक्या हातासाठी आहे. माझा हात हलकाच आहे. तरीही शास्त्रीय पद्धत म्हणून आधी स्वतःवर टेस्ट घ्यायचं ठरवलं. डेटॉलने धुतलं. सोफ्यावर बसून दातांत धरलं. निरुपमाला म्हटलं, तू लगाम धर आणि अगदी हळू ओढ.

तिने लगाम धरला. पदर खोचला. मग ओढला. हळू नाही ओढला.

पुढच्या दाताची कॅप सोफ्याखाली सापडली. निरुपमा कणीक मळायला आत गेली.

१५ सप्टेंबर, सोमवार
डेंटिस्टकडे. इंजेक्शन दिलं. अर्धं तोंड बधिर. चहा प्यायलो तो शर्टावर गेला, मला कळलंच नाही. समोरच्या बाईंनी सांगितलं.

बधिर असणं वाईट नसतं. दुखत नाही. ओठ आहे की नाही, हे हाताने चाचपून बघावं लागतं, एवढंच. जूनपासून मला साधारण असंच वाटतं आहे. त्यात काळजीचं काही नाही.

टेस्टचा निष्कर्ष : बिट इफेक्टिव्ह आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
इफेक्टिव्ह नाही. पहिली पाच मिनिटं ती ओढत होती. मी ओढलं, तिने ओढलं, मी अजून ओढलं. मग तिने ओढणं सोडून दिलं आणि ऐकणंही. मान ताठ, डोळे समोर. मी काय करतो आहे याच्याशी तिचा संबंध उरला नव्हता. विहंग शेवटी शेवटी जेवायला बसायचा तसा चेहरा.

का लिहिलं हे? खोडून टाकायला हवं. राहू दे.

समरजितभाईंनी व्हेटना बोलावलं. डॉ. नयनाबेननी तोंड उघडून टॉर्च मारला. कोपरे सोलले आहेत, जीभ सुजली आहे. मी विचारलं, मग आता कोणतं बिट? त्या म्हणाल्या, सांजे कोई बेसशो नहीं. संध्याकाळी कोणी बसायचं नाही म्हणे. मी विचारलं, आणि सकाळी? त्या समरजितभाईंकडे बघायला लागल्या. समरजितभाई छताकडे बघायला लागले.

छताला काही नव्हतं. मीही बघितलं.

२७ सप्टेंबर, शनिवार
नवरात्र. सुभानपुऱ्यात रात्रभर गरबा, झोप नाही. विश्वंभरकाकांचा फोन, घोडीचं नक्की ना? म्हटलं, शंभर टक्के. व्हेटचं त्यांना सांगितलं नाही. सल्ला सगळे देतात.

निरुपमा म्हणाली, विहंगला एक फोन कर, मिरवणुकीसाठी तरी. मी म्हटलं, मिरवणुकीसाठी विहंगची गरज नाही. ती म्हणाली, मिरवणुकीचं कोण बोलतंय? मग गरब्याचे स्पीकर एकदम वाढले आणि विषय राहिला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
आज शस्त्रपूजा. पणजोबांचा लगाम भिंतीवरून उतरवला, पितांबरीने घासला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आणि डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस बाजारात शोधतो आहे आणि बिट घरात! पागेतलं, अस्सल, शंभर वर्षांचा अनुभव असलेलं. तोंड सोललेलं आहे हे मान्य, पण उद्याचा एकच दिवस.

संध्याकाळी तबेल्यात नेलं. माणकीने वास घेतला, कुंकवाकडे बघितलं आणि दात घट्ट मिटले. केळं दाखवलं. केळं ओठांनी घेतलं, दात परत बंद. समरजितभाईंनी बिट हातात घेऊन उलटंपालटं केलं. म्हणाले, काका, आ तो टट्टूनुं छे. मोठ्या घोड्याला बसायचंच नाही. भाजीची गाडी ओढणाऱ्या टट्टूचं असावं.

पणजोबा पागेत नेमके काय होते, हे सांगणारं आता कोणी हयात नाही. तेच बरं.

येताना गाडीतून विश्वंभरकाकांना फोन केला. म्हटलं, कंबरेत उसण भरली आहे. ते म्हणाले, काळजी नको, विहंगला आम्ही ऑगस्टमध्येच विचारून ठेवलं होतं.

ऑगस्टमध्ये.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
मी जाणार नव्हतो. निरुपमा नवी साडी नेसून दारात उभी राहिली, म्हणून गेलो.

विहंग माणकीवर होता. फेटा कोणी बांधून दिला, माहीत नाही. बारीक झाला आहे. पुढे ढोल, मागे फटाके, आणि घोडी मान खाली सोडून देवळात आल्यासारखी चालत होती. तोंडात काही नव्हतं. नुसती दोरीची म्होरकी. लगाम त्याच्या दोन बोटांत, तोही सैल. मी मुद्दाम जवळ जाऊन बघितलं. सुरकुती एकही नाही.

सोनं वाटायच्या वेळी तो उतरला. आईच्या पाया पडला, मग माझ्या. हातात आपट्याची पानं ठेवली. म्हणाला, बाबा, हिला जरा धरता? मी पाणी पिऊन येतो. आणि दोरी माझ्या हातात दिली.

हातात पानं होती, म्हणून दोरी घट्ट धरता आली नाही. मी उभा राहिलो. माणकीही उभी राहिली. थोड्या वेळाने तिने माझ्या बाहीवर नाक घासलं. बाही ओली झाली. ह्या वेळी मला कळलं.

तो परत आला. त्याला विचारायचं होतं, आज जेवायला घरी येतोस का? नीट जुळवून ठेवलं होतं मनात, शब्द अन् शब्द.

विचारलं, रबरी बिट कितीचं आहे रे, साइझ?

म्हणाला, कधी बघितलं नाही, बाबा. आणि दोरीसाठी हात पुढे केला. मी दिली.